पर्समधलं पिस्तूल, पुलापलीकडचा कायदा : शनीन ॲलन प्रकरण

1 ऑक्टोबर 2013 ची मध्यरात्र उलटून गेली होती. अटलांटिक सिटीकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवर न्यू जर्सीच्या पोलिसानं एक गाडी बाजूला घ्यायला लावली. कारण किरकोळ होतं, लेन बदलताना नीट काळजी घेतली नाही एवढंच. चालवणारी होती फिलाडेल्फियाची शनीन ॲलन. वय 27, दोन लहान मुलांची एकटी आई, रक्ताचे नमुने घेण्याचं काम करणारी. वर्षभरात दोनदा लुटली गेली म्हणून तिनं पेनसिल्व्हेनियात रीतसर शस्त्र बाळगण्याचा परवाना काढला होता आणि बर्सा कंपनीचं .380 चं छोटं पिस्तूल विकत घेतलं होतं. पूर्वी कुठलाही गुन्हा नावावर नव्हता.

पोलिसानं कागदपत्रं मागितली तेव्हा तिनं आपण होऊन सांगितलं की माझ्या पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना.

या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या एका वाक्यात आहे. पोलिसानं झडती घेऊन पिस्तूल शोधून काढलं नव्हतं, तिनं लपवलंही नव्हतं. पण ते वाक्य तोंडातून निघालं आणि तिच्याविरुद्धचा पुरावा पूर्ण झाला. पुढे वर्षभरानं याच वाक्यानं तिला सोडवलं. त्या वर्षात काय घडलं आणि बचावाचा एकेक दरवाजा का बंद होत गेला, हे मी इथे तपशिलात मांडतो आहे. बेकायदा शस्त्र बाळगण्याच्या खटल्यात अमेरिकेतलं एखादं राज्य किती कडक होऊ शकतं आणि आरोपीच्या वकिलानं खरी लढाई कुठे लढायची असते, हे या एका प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही.

दोन राज्यं, मधे एक नदी

फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये डेलावेर नदी आहे. बेन फ्रँकलिन किंवा वॉल्ट व्हिटमन पुलावरून ती ओलांडायला काही मिनिटं लागतात. हजारो माणसं रोज नोकरीसाठी इकडून तिकडे जातात. वाहन चालवण्याचा परवाना दोन्हीकडे चालतो, लग्नाचा दाखला चालतो. शस्त्राचा परवाना चालत नाही.

पेनसिल्व्हेनियात 21 वर्षांवरील माणसाला, कायद्यात सांगितलेली अडचण नसेल तर, शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यावाच लागतो. बहुतेक काउंट्यांत तो शेरीफ देतो, फिलाडेल्फियात पोलिस खातं देतं. 'तुला कशाला हवा?' असं विचारून अर्ज फेटाळता येत नाही. न्यू जर्सीत त्या काळी नेमकं उलट होतं. अर्जदाराला 'समर्थनीय गरज' दाखवावी लागे, म्हणजे त्याच्याच जिवाला नेमका धोका आहे आणि पिस्तुलाशिवाय तो टळणार नाही हे पटवावं लागे. सामान्य नागरिकाला हा परवाना जवळजवळ मिळतच नसे. शिवाय न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतं, आजही मानत नाही.

त्यामुळे पुलाच्या अलीकडे जी बाई कायद्याचं पालन करणारी नागरिक होती, ती पलीकडे गेल्यावर द्वितीय श्रेणीच्या गुन्ह्याची आरोपी झाली (तिथे पहिली श्रेणी सगळ्यात गंभीर मानतात). न्यू जर्सीच्या फौजदारी संहितेतलं कलम 2सी:39-5 सांगतं की परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. त्यासाठी हेतू वाईट असण्याची गरज नाही. कुणाला धमकावलं नाही, गोळी झाडली नाही, पिस्तूल बाहेरसुद्धा काढलं नाही, तरी फरक पडत नाही. वस्तू तुमच्या ताब्यात होती आणि ती तुमच्या ताब्यात आहे हे तुम्हाला माहीत होतं, इतकं सिद्ध झालं की पुरे. शिक्षा 5 ते 10 वर्षं.

त्यात भर ग्रेव्ह्ज कायद्याची. पॅटरसनचे माजी महापौर आणि राज्याचे सिनेटर फ्रान्सिस ग्रेव्ह्ज यांच्या नावानं ओळखला जाणारा हा कायदा 1981 चा. बंदूक घेऊन दरोडा, बलात्कार, खून असे गुन्हे करणाऱ्यांना न्यायाधीशानं सहानुभूती दाखवून सोडू नये, यासाठी तो आणला गेला. त्या हेतूशी मला काही भांडण नाही. पण 2008 च्या सुमारास त्याची कक्षा वाढवण्यात आली आणि नुसतं बाळगणंही त्यात आलं. ॲलनला अटक होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑगस्ट 2013 मध्ये, पॅरोलशिवाय भोगायची किमान मुदत 3 वर्षांवरून 42 महिने झाली. दरोडेखोरासाठी घातलेल्या कुंपणात आता दरोड्याला घाबरून पिस्तूल घेतलेली बाईही अडकत होती.

आणखी एक आरोप होता तो काडतुसांचा. तिच्या पिस्तुलात टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या होत्या. अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी याच गोळ्या सर्रास विकल्या जातात, कारण त्या शरीरात शिरल्यावर पसरतात आणि पलीकडे निघून दुसऱ्याला लागण्याचा धोका कमी असतो. न्यू जर्सीत घर, शूटिंग रेंज, शिकार अशा ठरावीक अपवादांबाहेर त्या बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. इथले वकील सांगतात की बाहेरून येणाऱ्यांना या कलमाचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

जामिनाची व्यवस्था होईपर्यंत तिला चाळीसहून अधिक दिवस तुरुंगात काढावे लागले. नोकरी गेली. खटला उभा राहायच्या आधीच शिक्षेचा हा भाग भोगून झाला होता, आणि पुढे माफी मिळाली तरी हे दिवस परत मिळणारे नव्हते.

बचावाचे दरवाजे

तिचे वकील इव्हान नॅपन हे न्यू जर्सीच्या शस्त्रकायद्यात अनेक वर्षं काम करणारे. अशा खटल्यात वकील साधारण ज्या क्रमानं विचार करतो, त्या क्रमानं एकेक दरवाजा पाहू.

पहिला प्रश्न असतो तो पोलिसाच्या कृतीचा. गाडी थांबवायला सबळ कारण होतं का? झडती कायदेशीर होती का? बेकायदा शस्त्राचे निम्म्याहून अधिक चांगले बचाव इथेच उभे राहतात, असं मला वाटतं. अमेरिकी संविधानाची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते, तिचा भंग करून मिळवलेलं पिस्तूल पुराव्यातून वगळलं की खटल्यात काही उरतच नाही. दुसऱ्याच्या गाडीत सीटखाली सापडलेलं शस्त्र असेल तर ते नक्की कुणाच्या ताब्यात होतं, त्याला ते माहीत होतं का, यावरही लढता येतं. ॲलनच्या बाबतीत हे दोन्ही रस्ते नव्हते. शस्त्र तिच्या स्वतःच्या पर्समध्ये होतं आणि ते आहे हे तिनं स्वतः सांगितलं होतं. जाणीवपूर्वक ताबा सिद्ध करायला सरकारी पक्षाला याहून सोपं काय हवं?

भारतातल्या वाचकांना इथे एक फरक जाणवेल. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालीही 'जाणीवपूर्वक ताबा' हा खटल्याचा कणा असतो. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात एखादं विसरलेलं काडतूस सापडतं, आणि उच्च न्यायालयं पुष्कळदा असे गुन्हे याच मुद्द्यावर रद्द करतात. पण तिथला बचाव 'मला माहीतच नव्हतं की ते बॅगेत आहे' असा असतो. ॲलनचा बचाव होता, 'पिस्तूल आहे हे माहीत होतं, पण इथे ते गुन्हा आहे हे माहीत नव्हतं.' वाक्यात थोडासाच फरक दिसतो, कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा.

हाच दुसरा दरवाजा, कायद्याबद्दलच्या गैरसमजाचा. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे तत्त्व जुनं आहे. न्यू जर्सीच्या संहितेत त्याला एक छोटी फट आहे. एखाद्यानं कायदा काय आहे ते जाणून घेण्याचे सगळे उपलब्ध मार्ग खरोखर चोखाळले आणि तरीही प्रामाणिकपणे चुकीचा निष्कर्ष काढला, तर तो बचाव मांडता येतो. पण हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर, आणि तीही भक्कम पुराव्यानिशी. दुसऱ्या राज्यात आपला परवाना चालतो का हे निघण्यापूर्वी तपासलंच नसेल, तर ही फट बंद होते. मला विचाराल तर हे तिच्यावर अन्याय करणारं आहे, पण बेकायदेशीर नाही. न्यायालयासमोर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

तिसरा दरवाजा वाहतुकीच्या सवलतीचा. अनेकांना वाटतं की प्रवासात बंदूक सोबत नेण्याचा हक्क केंद्रीय कायद्यानं दिलेला आहे. 1986 च्या केंद्रीय कायद्यातलं कलम 926ए तसं म्हणतंही, पण त्याच्या अटी शब्दशः वाचाव्या लागतात. तुम्ही जिथून निघालात आणि जिथे पोचणार आहात, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर हवं. शस्त्रात गोळ्या नकोत. शस्त्र आणि गोळ्या दोन्ही गाडीत बसलेल्याच्या हाताला लागतील अशा ठिकाणी नकोत. वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि ग्लव्ह बॉक्स ही कुलूपबंद पेटी धरली जात नाही. ॲलन अटलांटिक सिटीला, म्हणजे न्यू जर्सीतच जात होती. पिस्तूल भरलेलं होतं आणि पर्स हाताशी होती. एकही अट पुरी होत नव्हती.

या कलमाचं संरक्षण किती पातळ आहे ते 2010 च्या एका निकालातून कळतं. युटा राज्यातला एक प्रवासी शस्त्र रीतसर सामानात देऊन विमानानं निघाला होता. न्यूअर्कला जोडविमान चुकलं, सामान त्याच्या हाती आलं आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर परत जाऊन त्यानं शस्त्र असल्याचं सांगितलं तेव्हा त्याला अटक झाली. चार दिवस तुरुंगात गेले. गुन्हा पुढे मागे घेतला गेला, पण नुकसानभरपाईचा त्याचा दावा तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयानं फेटाळला, कारण हॉटेलात असताना बॅग त्याच्या हाताशी होती. विमान चुकण्यात त्याचा काय दोष होता? न्यायाधीशांनाही त्याच्याबद्दल सहानुभूती होती, पण त्यांनी कलम लिहिलं आहे तसंच वाचलं.

चौथा दरवाजा संविधानाचा. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि 2010 मध्ये तो राज्यांनाही लागू केला. घराबाहेर काय, हे मात्र मोकळंच सोडलं होतं. ॲलनला अटक होण्याच्या दोनच महिने आधी, जुलै 2013 च्या अखेरीस, तिसऱ्या सर्किटनं न्यू जर्सीची 'समर्थनीय गरज' ही अट वैध ठरवली होती. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरचं अपील ऐकायलाच नकार दिला. वेळ तिच्या विरोधात होती. तोच युक्तिवाद 2022 मध्ये जिंकणार होता.

आरोप रद्द करावा, अशी मागणी न्यायाधीश मायकेल डोनिओ यांच्यासमोर झाली. ऑगस्ट 2014 मध्ये त्यांनी ती फेटाळली.

खरी चावी कुणाच्या हाती?

आता उरला एकच रस्ता, पीटीआय. पूर्ण नाव प्रीट्रायल इंटरव्हेन्शन. पहिल्यांदाच अडकलेल्या आरोपीला खटला न चालवता काही काळ देखरेखीखाली ठेवायचं, आणि त्यानं अटी पाळल्या तर आरोप काढून टाकायचा, अशी ही योजना. पण द्वितीय श्रेणीच्या गुन्ह्यात आरोपीला ती सहसा मिळू नये, असं गृहीतक आहे. त्यातून वाट काढायची तर काउंटी प्रॉसिक्यूटरची, म्हणजे काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाची, संमती लागते. प्रॉसिक्यूटरनं नकार दिला तर न्यायाधीश तो उलटवू शकतो, पण त्यासाठी अधिकाराचा ढळढळीत आणि गंभीर गैरवापर दिसला पाहिजे. व्यवहारात हे फार क्वचित घडतं.

ग्रेव्ह्ज कायद्याची किमान शिक्षा कमी करून घ्यायची वाटही प्रॉसिक्यूटरच्याच दारावरून जाते. म्हणजे विधिमंडळानं न्यायाधीशाच्या हातातून दया काढून घेतली ती नाहीशी झाली नाही, सरकारी वकिलाच्या टेबलावर गेली. किमान शिक्षेच्या कायद्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा 'आता कुणालाच सूट नाही' असं समजतो. सूट असतेच. ती कोण देणार, कुठे बसून देणार आणि कारणं सांगणार का, एवढंच बदललेलं असतं. न्यायालयात होणारा निर्णय निदान उघड्यावर होतो.

अटलांटिक काउंटीचे प्रॉसिक्यूटर होते जिम मॅकक्लेन. त्यांनी पीटीआयला नकार दिला, आणि तो नकार उलटवायला न्यायाधीश डोनिओ यांनी नकार दिला. खटल्याची तारीख ऑक्टोबर 2014 मध्ये लागली. दोषी ठरली असती तर दोन मुलांच्या आईला साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय आत जावं लागलं असतं.

इथे प्रकरणानं एक वळण घेतलं, आणि ते कायद्याच्या पुस्तकातून आलं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अटलांटिक सिटीच्या एका कसिनोच्या लिफ्टमध्ये फुटबॉलपटू रे राइसनं आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं होतं. आरोप तृतीय श्रेणीच्या गंभीर हल्ल्याचा होता. काउंटी तीच, प्रॉसिक्यूटरचं कार्यालय तेच, न्यायाधीशही तेच. मे 2014 मध्ये राइसला पीटीआय मिळालं. 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रीकरण जगासमोर आलं आणि लोकांनी दोन फायली शेजारी ठेवल्या. एकात हिंसा होती आणि आरोपी घरी होता. दुसऱ्यात हिंसेचा लवलेश नव्हता आणि आरोपी तुरुंगाच्या दारात उभी होती.

कायद्यानं बोलायचं तर ही तुलना अचूक नाही, कारण दोघांवरच्या आरोपांच्या श्रेणी वेगळ्या होत्या आणि तृतीय श्रेणीला पीटीआयची दारं जास्त उघडी असतात. पण लोकांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. श्रेणी ठरवणारा कायदाच जर ठोशापेक्षा पर्समधल्या पिस्तुलाला जास्त गंभीर मानत असेल, तर चूक कुठे आहे? नॅपन यांनी हा प्रश्न न्यायालयाबाहेर, वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर सतत जिवंत ठेवला. खटला माध्यमांत नेणारे वकील मला एरवी आवडत नाहीत. इथे मात्र दुसरा इलाज नव्हता, कारण निर्णय घेणारा माणूस न्यायाधीश नव्हता, सरकारी अधिकारी होता. न्यू जर्सीत काउंटी प्रॉसिक्यूटर निवडणुकीनं येत नाहीत, त्यांना गव्हर्नर नेमतो. त्यांच्यावर देखरेख असते राज्याच्या ॲटर्नी जनरलची. दाब पडायचा तर तो वरूनच पडायला हवा होता.

आणि वरूनच उत्तर आलं. सप्टेंबर 2014 च्या शेवटच्या आठवड्यात प्रभारी ॲटर्नी जनरल जॉन हॉफमन यांनी ग्रेव्ह्ज कायद्याबद्दलच्या 2008 च्या जुन्या निर्देशाचं स्पष्टीकरण जाहीर केलं. विषय नेमका हाच होता : दुसऱ्या राज्यातून आलेला, तिथे कायदेशीररीत्या शस्त्र बाळगणारा आणि इथला कायदा ठाऊक नसलेला पाहुणा. अशा बहुतेक प्रकरणांत तुरुंगवास गरजेचा किंवा योग्य नाही, अशी भूमिका त्यात घेतली गेली. सरकारी वकिलानं काय काय पाहावं तेही दिलं. शस्त्र न्यू जर्सीतल्या लोकांच्या समोर किती आलं? घटना एकदाच घडलेली, आरोपीच्या एरवीच्या वागण्याशी न जुळणारी आहे का? दोन राज्यांच्या कायद्यांतल्या फरकामुळे गोंधळ झाला का? आणि शस्त्र असल्याचं आरोपीनं आपण होऊन पोलिसांना सांगितलं का?

हा शेवटचा मुद्दा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्यावर थांबलो. एक्स्प्रेसवेवरचं ते वाक्य इतके महिने सरकारी पक्षाचा सर्वात भक्कम पुरावा होतं. आता तेच तिच्या बाजूच्या स्तंभात लिहिलं गेलं. वाक्य बदललं नव्हतं, पिस्तूल बदललं नव्हतं, कलमही बदललं नव्हतं. बदललं होतं ते फक्त वाचणाऱ्याला दिलेलं मार्गदर्शन.

24 सप्टेंबर 2014 ला मॅकक्लेन यांनी ॲलनला पीटीआय द्यायला संमती दिली. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, 2 एप्रिल 2015 रोजी, गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली. ख्रिस्ती तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या तयारीत होते आणि रिपब्लिकन मतदारांत शस्त्रहक्काचा प्रश्न तापलेला होता. तरी माफीमागचं राजकारण कितीही असलं, ती योग्य होती असंच मी म्हणेन.

ती आज पकडली गेली असती तर

23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कच्या एका खटल्यात, ज्याला सगळे 'ब्रुएन' म्हणतात, घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि 'खास गरज दाखवा' अशा अटी घटनाबाह्य ठरवल्या. न्यू जर्सीची 'समर्थनीय गरज' त्याच आठवड्यात गेली. डिसेंबर 2022 मध्ये राज्यानं नवा कायदा करून शस्त्र नेता येणार नाही अशा ठिकाणांची मोठी यादी बनवली. त्यावर केंद्रीय न्यायालयांत लढाई चालू झाली.

म्हणजे ॲलन आज निर्दोष ठरली असती का? थेट उत्तर 'नाही' असंच आहे. ब्रुएननं परवाना पद्धत रद्द केलेली नाही, परवाना मनमानीनं नाकारण्याला बंदी घातली आहे. दुसऱ्या राज्याचा परवाना मानलाच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधल्या दोन जणांच्या प्रकरणांत हा भेद नीट उलगडला. ज्याला जुन्या, मर्जीवर चालणाऱ्या पद्धतीखाली पकडलं होतं त्याच्यावरचा आरोप टिकला नाही. ज्याला नव्या, ठरावीक निकषांच्या पद्धतीखाली पकडलं त्याला मात्र आधी अर्ज करायला हवा होता, असं ठरलं. म्हणून आजच्या बचाव वकिलाला आधी तारीख पाहावी लागते. अटक झाली तेव्हा बाहेरच्या माणसाला परवाना मिळवण्याचा खराखुरा मार्ग त्या राज्यात होता की नव्हता, यावर घटनात्मक बचाव उभा राहतो किंवा पडतो.

सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत, असं विधेयक डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहानं मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये ते अडलं.

आपल्या लोकांसाठी

एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, नदीपलीकडे फिलाडेल्फियाच्या उपनगरांतही आहेत. पेनसिल्व्हेनियात घर घेतल्यावर घरफोड्यांच्या भीतीनं पिस्तूल घेणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी ॲलनची गोष्ट अर्धीच आहे, कारण ती अमेरिकेची नागरिक होती. तुम्ही नसाल तर याच्यावर आणखी एक कायदा येऊन बसतो.

एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं शस्त्र किंवा काडतूस ताब्यात ठेवायला मुळातच बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्य काय म्हणतं याचा इथे संबंध येत नाही. शूटिंग रेंजवर भाड्यानं घेतलेली बंदूक हातात धरणं हाही ताबाच. फ्लोरिडात व्हिसाची अट मोडून राहिलेल्या एका विद्यार्थ्यावर रेंजवरच्या नेमबाजीमुळेच खटला झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून 2019 मध्ये निकाल लागला की आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, असंही सरकारनं सिद्ध करायला हवं. निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण तोवर किती वर्षं गेली असतील याचा विचार करा. सुट्टीत रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

ग्रीन कार्ड असेल तर शस्त्र ठेवता येतं. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास हद्दपारीची कारवाई होऊ शकते, आणि त्याला शिक्षेची लांबी किती याची अट नाही. तुरुंगवास एक दिवसाचाही नसला तरी चालतो. म्हणून नागरिकाच्या वकिलाला जी तडजोड विजय वाटते, ती ग्रीन कार्डधारकाला घर सोडायला लावू शकते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की गुन्हा कबूल करण्याआधी त्याचे इमिग्रेशनवर होणारे परिणाम आरोपीला समजावून सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. सगळेच वकील ते नीट करतात असं समजू नका.

पीटीआयबद्दल तर हे फारच बारकाईनं पाहावं लागतं. इमिग्रेशनच्या कायद्यात 'दोषी ठरणं' याचा अर्थ राज्याच्या कायद्याहून वेगळा आहे. आरोपीनं गुन्हा कबूल केला किंवा दोषी ठरण्यापुरती तथ्यं मान्य केली, आणि त्याच्यावर काही बंधन किंवा दंड लादला गेला, तर पुढे राज्यानं आरोप पुसून टाकला तरी केंद्राच्या वहीत तो दोषीच राहू शकतो. कबुलीशिवाय मिळालेल्या पीटीआयवर हे संकट सहसा येत नाही. म्हणून कागद समोर आला आणि वकील म्हणाला की 'यात तुरुंग नाही, सही करा', तर सही करण्याआधी त्याला एवढंच विचारा : यासाठी मला न्यायाधीशासमोर उभं राहून 'हो, मी केलं' म्हणावं लागणार आहे का?